केसपेपरवर न उमटणारं काम

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात डिस्चार्ज बहुतेक दुपारी होतो. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज सोडा' म्हणतात. मग कार्ड लिहून होईपर्यंत, औषधं हातात पडेपर्यंत बारा-एक वाजतात. तोवर घरच्यांनी पिशव्या भरलेल्या असतात, ताट-वाटी धुऊन बांधलेली असते, गावाकडच्या एसटीची वेळ झालेली असते. पेशंट खाटेच्या कडेला चप्पल घालून बसलेला असतो आणि त्याचं सगळं लक्ष दाराकडे असतं. नेमकं त्याच वेळी सिस्टरनं त्याला सांगायचं असतं, की उद्यापासून जन्मभर काय काय करायचं आहे.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता नर्सिंग कॉलेजात शिकवते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. पेशंटला समजावून सांगणं हा उपचारच आहे, सलाईन लावण्याइतका, जखमेचं ड्रेसिंग करण्याइतका. पण सलाईन लावलं की केसपेपरवर नोंद होते, वेळ टाकली जाते, खाली सही होते. अर्धा तास बसून एखाद्या सुनेला इन्सुलिन भरायला शिकवलं तर ते लिहायला रकानाच नसतो. रकाना नाही म्हणून ते काम कुणी मोजत नाही, मोजत नाही म्हणून त्यासाठी माणूस मिळत नाही. शेवटी उरतं ते दारातून जाता जाता सांगितलेलं एक वाक्य: 'गोळ्या वेळेवर घ्या हं काका.'

इन्सुलिनचंच घेऊ. कार्डावर लिहिलेलं असतं, सकाळी 20 युनिट, रात्री 10, जेवणाआधी. वाचायला सोपं आहे. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक 40 ची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पण 100 ची बाटलीही बाजारात मिळते, तिची सिरिंज केशरी टोपणाची. मेडिकलच्या दुकानात एखाद्या दिवशी लाल संपलेली असते, दुकानातला मुलगा केशरी देतो, 'तीच आहे, घ्या' म्हणतो. आता 40 च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजनं 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट झालं, 100 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागली, तर त्याच 20 च्या खुणेला जातात 50 युनिट. पहिल्या प्रकारात साखर महिनोन् महिने चढी राहते आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत जातात. दुसऱ्या प्रकारात माणूस रात्री झोपेत बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना वाटतं, दमून गाढ झोपलाय.

हे दोन रंग समजावायला डॉक्टरची पदवी लागत नाही. त्यासाठी कुणाला तरी खाटेशेजारी बसावं लागतं, दोन्ही सिरिंजा हातात द्याव्या लागतात, बाटलीवरचा आकडा बोटानं दाखवावा लागतो. अक्षरओळख नसेल तर रंग पाठ करून घ्यावा लागतो. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर बाटली दोन तळहातांत हळूहळू फिरवायची, खळखळ हलवायची नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, रोज जागा बदलायची. रोज एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते, गाठीत दुखत नाही म्हणून पेशंट तिथेच टोचत राहतो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. कितीतरी जणांच्या साखरेचं कोडं पोटावरून हात फिरवल्यावर सुटलेलं मी पाहिलं आहे.

मंगळवेढ्याकडच्या एक आजी होत्या. त्यांना इन्सुलिन सुरू करायचं ठरलं आणि त्यांनी जेवणच सोडलं. 'इंजिक्शन लागलं म्हंजी आता गेल्यातच जमा,' असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या भावकीत एकाला इन्सुलिन सुरू झालं आणि दोन महिन्यांत तो वारला होता. त्यामुळे त्यांच्या हिशेबी औषधानंच माणूस गेला होता. त्यांना साखरेचे आकडे सांगून काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, 'आजी, हे तुमच्या अंगात जन्मापासून तयार होतंय. आता कमी पडायला लागलंय. कालवणात मीठ कमी पडलं तर आपण वरून घालतो का नाही?' आजींनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, 'मग जास्ती पडलं तर?' इतका नेमका प्रश्न मला विद्यार्थिनींनीही क्वचित विचारला आहे. तिथून पुढे साखर कमी झाल्यावर काय होतं हे त्यांना सांगणं सोपं झालं: हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर असाल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि मग भाकरी-पोळी काहीतरी खायचं. शुद्ध हरपली असेल तर घरच्यांनी तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

त्यांच्याकडे फ्रीज नव्हता. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा म्हणजे चाळीसच्या वरचा पारा, पत्र्याचं घर. सुनेनं आधीच तोडगा काढला होता: गावातल्या दुकानदाराच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवायची, थंड पेयांच्या मागे, बर्फाला लागून. एकदा गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, ते पुन्हा पातळ झालं तरी उपयोगाचं नसतं. मग आम्ही माठाची पद्धत ठरवली. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, मडक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली, वर ओलं फडकं. सावलीची, वाऱ्याची जागा. सून म्हणाली, 'एवढंच हाय व्हय? मला वाटलं फ्रीज घ्यायला लावताय.' फ्रीज घेणं जमणार नाही म्हणून इन्सुलिनच बंद करून टाकलेली घरं आहेत, आणि ती केसपेपरवर 'औषध नियमित घेत नाही' एवढ्या शेऱ्यात संपतात. तो शेरा वाचला की मला आजही राग येतो. नियमित का घेत नाही, हे विचारायला कुणाला वेळ होता?

माझ्या विद्यार्थिनींना मी एक प्रश्न विचारू देत नाही: 'कळलं का?' आपल्याकडे त्याला एकच उत्तर मिळतं. पेशंट मान हलवतो, नातेवाईक 'हो सिस्टर' म्हणतात, कारण समोर पांढरा गणवेश आहे, मागे रांग आहे, आणि आपल्याला कळलं नाही असं चारचौघांत कोण म्हणेल? त्याऐवजी मुलींनी म्हणायचं, 'आता तुम्ही मला करून दाखवा.' किंवा, 'घरी गेल्यावर तुमच्या मालकांना हे कसं सांगाल, ते मला सांगा.' पहिल्या वेळी दहातले निम्मे तरी कुठेतरी चुकतात. चुकू दे. वॉर्डात चुकलेलं परवडतं. पुन्हा दाखवायचं, पुन्हा करून घ्यायचं, आणि मग नर्सिंग नोट्समध्ये शाईनं लिहायचं: 'सुनेनं स्वतः इन्सुलिन भरून दाखवलं, मात्रा बरोबर.' तारीख, वेळ, सही. रकाना नसला तरी समासात लिहायचं. काही ठिकाणी वरिष्ठांनी विचारलं, हे कशाला लिहिता? मी मुलींना सांगते, विचारू देत, पण लिहिणं सोडू नका.

उपासांचा विषय तर आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठेच नाही, आणि महाराष्ट्रात मधुमेहाच्या पेशंटला त्याच्याशिवाय शिकवताच येत नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. काही जण गोळी घेतात आणि दिवसभर काहीच खात नाहीत. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी घेतली की दुपारी चारला घाम फुटतो. दुसरे काही जण 'उपास आहे, आज गोळी नको' म्हणतात आणि साबुदाण्याची खिचडी, रताळं, वऱ्याचे तांदूळ, खजूर असं करत साखर तीनशेवर नेतात. उपास सोडा असं म्हणणं हा सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे. पेशंट तोंडावर हो म्हणेल आणि पुढच्या वेळी तुम्हाला खरं सांगणार नाही. मग बोलायचं ते कोणता उपास, किती वाजता काय खाणार, गोळी कुठली, यावर. भगर चालेल पण एवढीच वाटी, सोबत दही, शेंगदाण्याची आमटी. हे बोलणं स्वयंपाकघराच्या भाषेत होतं, आणि ते सिस्टरशी जास्त मोकळेपणानं होतं.

तसंच पायांचं. सोलापूर, सातारा, पुणे या पट्ट्यात काम केलेल्या कुठल्याही नर्सला आषाढीनंतरचे आठवडे विचारा. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवड्यांची चाल. कितीतरी वारकरी अनवाणी चालतात. ज्याच्या पायातली संवेदना मधुमेहानं गेली आहे त्याला डांबराचा चटका कळत नाही, रुतलेला खडा कळत नाही, फोड फुटलेला कळत नाही. घरी येऊन आठ दिवसांनी वास यायला लागतो तेव्हा कळतं. मग ड्रेसिंग, मग बोट, कधी घोट्यापर्यंत, कधी गुडघ्याखाली. सर्जरी वॉर्डात अशा माणसाच्या उशाशी तुळशीची माळ टांगलेली असते आणि तो एकदाही तक्रार करत नाही. ते पाहणं फार जड जातं.

पायाची संवेदना तपासायला दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा एक धागा लागतो, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. पेशंटनं डोळे मिटायचे, तळव्याला ठरावीक ठिकाणी धागा टेकवायचा, कळलं की 'हो' म्हणायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते नर्सनं करावं असंच आहे. एका आजोबांना हे करताना मी धागा टेकवत गेले आणि ते गप्प. डोळे उघडून म्हणाले, 'सुरू कर की बाई.' मी म्हटलं, 'आजोबा, झालं करून.' त्यांची बायको शेजारी उभी होती, तिचा चेहरा उतरला. त्यानंतर पुढचं सगळं तिनंच ऐकून घेतलं: रात्री दोन्ही तळवे उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यात बघायचं, चप्पल-बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा, गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं, कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. वारीचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, 'वारी सोडू नका. बूट घालून चाला, मुक्कामाला पोचलात की बूट काढून आधी तळवे दाखवा यांना, मग पांडुरंगाचं नाव घ्या.' आजोबा हसले. बायको म्हणाली, 'दाखवतील न्हाईतर काय. मी बी जाते ह्या वर्षी.'

डॉक्टर हे सांगत नाहीत असं मला म्हणायचं नाही. ज्यांच्याबरोबर मी काम केलं त्यातले कितीतरी जण उत्तम समजावत. पण शंभर-दीडशेच्या ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, त्यात निदान करायचं की माठाची गोष्ट काढायची? शिवाय पेशंट डॉक्टरांना सगळं सांगतही नाही. कारल्याचा रस, शेजारच्या गावातल्या वैदूची पुडी, नवऱ्यानं सुरू केलेली दारू, लघवीच्या जागेची खाज, सहा महिने न आलेली पाळी, या गोष्टी बाया सिस्टरला सांगतात, तेही रात्रपाळीत, बीपी बघायला गेलं की हळूच हात धरून. उपचाराचा अर्धा नकाशा त्या कुजबुजीत असतो.

ही जवळीक आणि हे ज्ञान असलेल्या नर्सला पुरेसं शिक्षण आणि थोडा अधिकार दिला तर काय होतं, हे बाहेरच्या देशांनी साठ वर्षांपासून करून पाहिलं आहे. लॉरेटा फोर्ड नावाची एक परिचारिका अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात गावोगाव फिरून काम करायची. तिथेही तेव्हा खेड्यांत डॉक्टर मिळत नव्हते आणि लहान मुलांची तपासणी, लसी, आयांना सल्ला, हे सगळं प्रत्यक्षात नर्सच करत होत्या. 1965 साली तिनं हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर कोलोरॅडो विद्यापीठात या कामाचं रीतसर शिक्षण सुरू केलं. नर्स प्रॅक्टिशनर हे पद तिथून आलं: अनुभवी नर्स, वरचं शिक्षण, रोगी तपासण्याचा, निदान करण्याचा आणि औषध लिहून देण्याचा अधिकार. विरोध डॉक्टरांकडून झाला तसा नर्सिंगच्या शिक्षकांकडूनही झाला. फोर्ड 2025 साली 104 वर्षांच्या होऊन गेल्या, तोवर त्यांच्या देशात नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेली होती.

लोक साहजिकच विचारतात, पेशंटचं नुकसान तर होत नाही ना? न्यूयॉर्कमध्ये याची नीट चाचणी झाली. तेराशेहून अधिक पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला डॉक्टर, दुसऱ्याला नर्स प्रॅक्टिशनर. 2000 साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची तब्येत, साखर, दमा, पेशंटचं समाधान, यात सांगण्यासारखा फरक नव्हता. रक्तदाबाच्या पेशंटांचा खालचा आकडा तर नर्सकडच्या गटात किंचित कमी होता, 85 ऐवजी 82. तीन अंकांवरून नर्सेसचा जयजयकार करायचा नाही मला. एवढंच म्हणायचं आहे, की नेहमीच्या, लांब चालणाऱ्या आजारांत ही व्यवस्था सुरक्षित असल्याचा पुरावा समोर आहे.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनं 2016-17 च्या सुमारास आणला. बाळंतपणासाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ घडवायच्या, त्यांना 18 महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं 2018 मध्ये काढली. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला. कागदावर हे सगळं चांगलं दिसतं. पण माझ्या ओळखीतल्या, हा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुली नोकरीला लागल्या त्या पुन्हा स्टाफ नर्स म्हणूनच. तीच ड्यूटी, तोच पगार. पद तयार केलं नाही, तर शिक्षणाचं करायचं काय?

खेड्यातलं चित्र थोडं वेगळं आहे. मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तिथे एएनएम, म्हणजे गावपातळीवरची प्रशिक्षित परिचारिका. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, साथीचे आजार, कुटुंबनियोजन, सगळं तिच्याच अंगावर. 2018 पासून या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, लोक त्यांना सीएचओ म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, गोळ्या चालू ठेवायच्या, पथ्य सांगायचं, हे त्यांचं मुख्य काम. अनेक राज्यांत ही पदं नर्सेसनी भरली. महाराष्ट्रात जास्त करून आयुर्वेदाचे पदवीधर आले, काही नर्सेसही आहेत. कुणीही असो, तीस वर्षांवरच्या माणसांशी साखरेबद्दल गावातच बोलणारं कुणीतरी आलं, हा मोठा बदल आहे.

शिकवण्यानं जीव वाचतात याचा पुरावा शोधायला आपल्याला न्यूयॉर्कला जायची गरजही नव्हती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक शाळेत न गेलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर कसं पाजायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडल्यास इंजेक्शनही द्यायचं. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शेजारच्या 47 गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. या बायका नर्स नव्हत्या. त्यांना जे शिकवलं ते मात्र नर्सिंगचाच गाभा होता, आणि ते शिकवताना त्यांच्यावर विश्वास टाकलेला होता. इंजेक्शन देऊ दिलं म्हणून तेव्हा टीकाही झाली. मला त्या टीकेपेक्षा तो आकडा महत्त्वाचा वाटतो.

नर्सला असा अधिकार देण्याबद्दल डॉक्टरांना जी शंका आहे तिला उत्तर द्यायला हवं, आणि ती शंका मी मत्सर म्हणून झटकून टाकणार नाही. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या 32 व्या कलमात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' ना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा देशभर डॉक्टरांनी संप केला. त्यांचं म्हणणं होतं, सहा महिन्यांच्या शिक्षणावर खेड्यातल्या माणसाला दुय्यम वैद्यक देताय. अर्धवट शिक्षण देऊन, जबाबदारी ढकलून, कमी पगारात डॉक्टरची जागा भरायची असेल तर मीही त्या विरोधात आहे. खेड्यातल्या माणसाला डॉक्टर मिळालाच पाहिजे. पण मी बोलतेय ती नर्स चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, त्यावर वॉर्डातला अनुभव आणि त्यावर दोन वर्षांचं विशेष शिक्षण घेतलेली आहे. तिला काय येतं आणि कुठे थांबून पुढे पाठवायचं, दोन्ही तिला नीट शिकवलेलं असतं. तिच्याकडे नेहमीचे पेशंट गेले तर डॉक्टरांना गुंतागुंतीच्या पेशंटसाठी वेळ मिळेल.

आणि आधी साध्या नर्सेस तरी पुरेशा हव्यात. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे जनरल वॉर्डात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचमागे एक. रात्रपाळीत एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट मी कायम पाहिले आहेत, जमिनीवर गाद्या टाकलेले धरून. त्यात ओव्हर घ्यायचं, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घ्यायची, इंजेक्शनं द्यायची, रक्ताचे नमुने पाठवायचे, सात-आठ रजिस्टरं भरायची, एखादा गंभीर झाला की डॉक्टरांना फोन. अशा सिस्टरला कुणी म्हणालं की पेशंट एज्युकेशनही करा, तर तिला ती थट्टाच वाटेल. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात फक्त याच कामाची नर्स असावी. ओपीडीत तिची खोली हवी, टेबल-खुर्ची हवी, सिरिंजा, पायाचा धागा, इनहेलरचा रिकामा नमुना हवा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी पेशंट आणि घरचं एक माणूस तिच्याकडे यावं. डायलिसिसच्या माणसाला फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातावर रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायला तिनं शिकवावं, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही हे सांगावं. दम्याच्या बाईला पंप मारून झाल्यावर चूळ भरायला सांगावं. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर पिशवी आलेल्या तरुणाला ती पिशवी कशी बदलायची, लग्नाकार्यात कसं जायचं हे सांगावं. मुंबईत टाटा रुग्णालयात स्टोमाचा, म्हणजे अशा पिशवीच्या पेशंटांचा, वेगळा विभाग आहे म्हणून तिथल्या पेशंटला हे मिळतं. बीडच्या, नंदुरबारच्या पेशंटनं कुठे जायचं?

गेल्या आषाढी एकादशीला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता एका उपकेंद्रात सीएचओ आहे. सकाळी अकराला एक काका घाम फुटलेल्या अवस्थेत आले. उपास, पोटात फक्त चहा, आणि सकाळची ग्लिमेपिराइड घेतलेली. साखर 62. तिनं साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, काकूंना बोलावून भगर खायला घालायला लावली. गेल्या दोन एकादशींनाही असंच झालं होतं, हेही तिनं विचारून काढलं, आणि काकांचं वजन बरंच घटलंय हे जुनी नोंद काढून पाहिलं. गोळीचा डोस कमी व्हायला हवा हे तिला कळत होतं. पण ते ती करू शकत नाही. मग ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी जोडणी, नेटवर्क जात-येत, दुपारी कधीतरी बोलणं झालं. डॉक्टरांनी सगळं ऐकून तिलाच विचारलं, 'तुला काय वाटतं?' ती म्हणाली, 'निम्मी करावी सर, आणि एक महिन्यानं तीन महिन्यांची सरासरी साखर बघावी.' 'कर,' ते म्हणाले.

ते डॉक्टर चांगले आहेत, तिचं काम त्यांनी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे एका शब्दात झालं. त्यांची बदली झाली की नव्या साहेबांबरोबर तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल.